मंडळीसमोर उभं राहून

१४ जानेवारी १६९७ हा मॅसॅच्युसेट्समध्ये सार्वजनिक उपासाचा दिवस होता. बोस्टनच्या तिसऱ्या मंडळीत उपासनेच्या वेळी पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी त्यांच्या हातात एक कागद दिला. विलर्ड यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. वाचन चालू असेपर्यंत स्यूअल आपल्या जागी उभे होते. संपल्यावर त्यांनी मान लववली आणि ते खाली बसले. घरी जाऊन त्यांनी हे सगळं, कागदातल्या मजकुरासकट, रोजनिशीत उतरवून ठेवलं.

पाच वर्षांपूर्वी सेलमच्या चेटकाच्या खटल्यांसाठी जे खास न्यायालय नेमलं होतं, त्यातले स्यूअल एक न्यायाधीश. त्या न्यायालयाच्या निकालांनी १९ माणसं फासावर गेली, १४ बायका आणि ५ पुरुष. कागदात स्यूअल यांनी त्या न्यायालयाचं नाव घेतलं होतं. तिथे आपल्या माथी दोष आला, त्याची लाज आणि ठपका आपण स्वतःकडे घेतो, माणसांची क्षमा मागतो आणि देवाने हे पाप आपल्यावर, आपल्या घरावर किंवा या भूमीवर उगवू नये अशी प्रार्थना करतो, असा त्याचा आशय होता.

घरावर, हा शब्द उगाच आलेला नव्हता. मे १६९६ मध्ये त्यांच्या बायकोला मृत मुलगा झाला. डिसेंबरात दोन वर्षांची सारा गेली. तिच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने, सॅमने, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली काही वचनं त्यांना लॅटिनमधून म्हणून दाखवली. देवाला यज्ञापेक्षा दया हवी, हे कळलं असतं तर निरपराध्यांना दोषी ठरवलं नसतं, अशा अर्थाचं एक वचन त्यात आहे. ते ऐकताच सेलम डोळ्यांसमोर आलं, अशी नोंद स्यूअल यांनी केली आहे.

नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी नथॅनिएल हॉथॉर्नचं 'द स्कार्लेट लेटर' वर्षानुवर्षं शिकवलं. प्युरिटन म्हटलं की पाप, पाप म्हटलं की व्यभिचार आणि व्यभिचार म्हटलं की छातीवर लाल अक्षर लावलेली हेस्टर प्रिन, एवढं मुलांना पाठ असे. मी मात्र हेस्टरच्या आधी त्यांना स्यूअलचा कागद सांगत असे. त्या काळाच्या साहित्यात पापी कोण आणि पाप किती मोठं, यापेक्षा मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटत आला आहे. माणूस 'मी पापी आहे' म्हणतो, ठीक. पण काय केलं ते सांगतो का? कुणाचं केलं, त्याचं नाव घेतो का? आणि कुणासमोर? या तीन प्रश्नांवर त्या साहित्यातली माणसं घडतात आणि बिघडतात, असं माझं मत आहे. हे प्रश्न मी बाहेरून लादलेले नाहीत. ते त्या समाजाच्या एका जुन्या रिवाजातूनच आलेले आहेत.

हा रिवाज म्हणजे मंडळीसमोरची कबुली. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप आणि त्यांच्याबरोबरचे लोक मॅसॅच्युसेट्सला उतरले, त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथल्या मंडळ्यांनी एक अट घातली. नुसतं नीट वागून आणि धर्मतत्त्वं पाठ असून मंडळीचं सभासदत्व मिळणार नाही. आपल्याला पापाची जाणीव कशी झाली, मन कसं हादरलं, कृपेची खूण कुठे दिसली, हे ज्याने त्याने सांगायचं आणि ऐकणाऱ्यांनी पारखायचं. केंब्रिजचे पाळक थॉमस शेपर्ड यांनी अशी पन्नासेक माणसांची निवेदनं आपल्या वहीत लिहून घेतली. त्यांत शिकलेली माणसं आहेत तशी कॅथरिन नावाची एक मोलकरीणही आहे. शेपर्ड बोलण्याच्या वेगाने लिहीत असावेत, कारण वाक्यं तुटक आहेत, मध्येच विषय बदलतात. म्हणूनच त्या पानांवर माणसं जिवंत वाटतात. समुद्र ओलांडून आलो पण मन होतं तसंच कोरडं राहिलं, असं पुन्हा पुन्हा येतं. एवढा प्रवास, एवढी उलथापालथ करून आलेल्या लोकांना नव्या देशात पोचल्यावर आतमध्ये काहीच बदललं नाही असं वाटावं, यातली हताशा मला फार खरी वाटते.

पुढे जॉन एलियट यांनी नेटिक इथल्या मूळ रहिवाशांनाही याच परीक्षेला बसवलं. १६५२ मध्ये त्यांच्या कबुल्या बोस्टनच्या आसपासच्या वडीलधाऱ्यांपुढे झाल्या, एलियट यांनी त्या इंग्रजीत आणून दुसऱ्या वर्षी छापल्या. तरी त्यांची मंडळी स्थापन व्हायला १६६० साल उजाडावं लागलं. स्वतःच्या भूमीवर उपऱ्यांसमोर, दुभाष्याच्या तोंडून, आपलं पाप पटवून द्यायचं आणि पास की नापास याची आठ वर्षं वाट बघायची. हे वाचताना मी नुसती वाचक राहू शकत नाही, कारण आमची मंडळी त्याच झाडाची फांदी आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्याच टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांची दीक्षा झाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१ मध्ये ते नगरला आलं. बाप्तिस्म्याआधी चौकशी, मग मंडळीसमोर साक्ष, हा क्रम माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत अगदी कडक होता. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. साक्ष देणारा माणूस 'मी फार पापी होतो' एवढ्यावर थांबला की ते हळूच विचारत, 'म्हणजे काय केलं होतंस बाबा?' मला तेव्हा ते कठोर वाटे. आता वाटतं, सगळ्या प्युरिटन साहित्याला विचारावा असा प्रश्न तोच आहे.

मायकेल विगल्सवर्थला तो विचारून पाहावा. हा हार्वर्डचा तरुण शिक्षक, नंतर मॉल्डनचा पाळक. त्याचं 'द डे ऑफ डूम' हे न्यायाच्या दिवसावरचं लांबलचक काव्य १६६२ मध्ये निघालं आणि वर्षाच्या आत १,८०० प्रती संपल्या. मुलांकडून ते पाठ करून घेत. त्यात तान्हेपणीच मेलेली, देवाच्या निवडीबाहेरची बाळंसुद्धा नरकातून सुटत नाहीत, फक्त त्यांना तिथली सगळ्यात सुसह्य खोली मिळते. पण मला त्या काव्यापेक्षा त्याची १६५० च्या दशकातली रोजनिशी जास्त बोलकी वाटते. एका रविवारी शेजाऱ्याच्या तबेल्याचं दार वाऱ्याने आपटत होतं. शब्बाथाच्या दिवशी ते सांगणं आपलं कर्तव्य आहे का, न सांगितलं तर पाप लागेल का, यावर हा माणूस दिवसभर झुरला. वडील वारल्याची बातमी आली तेव्हा आपल्याला पुरेसं दुःख झालं नाही, उलट आतून सुटल्यासारखं वाटलं, हेही त्याने लिहिलं. काही मजकूर त्याने लघुलिपीत दडवला. म्हणजे काय केलं ते तो सांगतो, बारकाव्यासकट सांगतो, पण कुणासमोर? फक्त कागदासमोर. आणि ज्याचं काही बिघडलं असा माणूस त्यात जवळजवळ कुठेच नाही. अपराधाची भावना आहे, भयंकर आहे, पण ज्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी असा कुणी नाही. म्हणून ती फिरते ती त्याच्याच भोवती, आणि कधी संपत नाही.

इंग्लंडमध्ये जॉन बन्यनचं असंच झालं होतं. कल्हई-डागडुजी करणारा हा माणूस. १६६६ मध्ये बेडफर्डच्या तुरुंगातून लिहिलेल्या आत्मचरित्रात तो चर्चच्या घंटा वाजवण्याच्या आवडीबद्दल सांगतो. ते पाप वाटून त्याने सोडलं, नुसतं बघायला जाऊ लागला. मग घंटाच डोक्यावर पडेल असं वाटलं म्हणून तुळईखाली उभा राहिला. मग तुळईचीही खात्री वाटेना म्हणून दारात आला. शेवटी अख्खा मनोराच कोसळेल या धास्तीने पळून गेला. याच बन्यनच्या १६७८ च्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चं मराठी रूप हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये आणलं. पाठीवर ओझं घेऊन निघालेला तो यात्रेकरू मराठी घरांत पोचला तो असा. त्या ओझ्यात नेमकं काय आहे, हे मात्र पुस्तकात कुठेच उघडून दाखवलेलं नाही.

विगल्सवर्थ आणि बन्यन आपल्या आपल्या खोलीत झुरत होते. त्यांच्याच समाजात ज्यांचं पाप चारचौघांत आलं त्यांचं काय झालं, ते विन्थ्रॉपच्या रोजनिशीत दिसतं. १६४४ च्या मार्चमध्ये बोस्टनला मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना व्यभिचारासाठी फाशी दिलं. मेरी अठराएक वर्षांची. जो तरुण तिला हवा होता त्याने नाकारलं, तेव्हा तिने रागाच्या भरात पुढे जो येईल त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं आणि एका म्हाताऱ्याची बायको झाली. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. प्रकरण बाहेर कसं आलं, ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनला एक भयंकर दुखणं झालं, त्यात त्याचं मन त्याला खाऊ लागलं आणि त्याने आपणहून तोंड उघडलं. त्याच्या कबुलीने मेरी पकडली गेली. तिने आधी नाकारलं, मग कबूल केलं आणि आणखी बाराजणांची नावं घेतली. फासाखाली उभं राहून तिने तरुण मुलींना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितलं, असं विन्थ्रॉप लिहितो. त्याच्या दृष्टीने हा चांगला शेवट होता. मला त्या मुलीसाठी वाईट वाटतं. तिच्या नवऱ्याला सोडलं तर तिने कुणाचं काय नेलं होतं?

हॉथॉर्नची कथा १६४२ ते १६४९ या काळात बोस्टनला घडते, म्हणजे मेरी लॅथमला जिथे फाशी दिलं त्याच गावात, त्याच वर्षांत. तेव्हा कायद्याने व्यभिचाराची शिक्षा मृत्यू हीच होती, आणि कादंबरीतही हेस्टरला दया दाखवली असंच म्हटलं आहे. अक्षराची शिक्षा खरी होती, पण तिचा काळ आणि जागा निराळी. प्लिमथ वसाहतीने १६५८ च्या कायद्यात 'ए' आणि 'डी' ही दोन अक्षरं कापडाची कापून दंडावर किंवा पाठीवर शिवायला लावली. मॅसॅच्युसेट्सने १६९४ मध्ये एकच अक्षर ठेवलं, 'ए'. उंची दोन इंच, कापडाचा रंग अंगावरच्या कपड्यापेक्षा वेगळा, म्हणजे लांबून दिसावं. शिवाय गळ्यात दोर घालून तासभर फाशीच्या चौकटीवर बसवणं आणि चाळिसापर्यंत फटके. हॉथॉर्नने ते अक्षर दंडावरून काढून छातीवर आणलं, लाल केलं आणि हेस्टरकडून त्यावर सोन्याच्या जरीचं भरतकाम करवलं. शिक्षा करणाऱ्यांनी पापाला एक अक्षर दिलं, तिने त्यात आपली सुईची कारागिरी घातली. कायद्याच्या पुस्तकात न मावणारी बाई तिथे जन्मली.

पण हॉथॉर्नकडे जाण्याआधी १६९२ कडे गेलं पाहिजे, कारण तिथे या रिवाजाचा कणाच मोडला.

सेलम व्हिलेजचे पाळक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुलींना झटके येऊ लागले, आणि १ मार्च १६९२ ला त्यांच्या घरची गुलाम टिटुबा हिने चेटूक केल्याचं कबूल केलं. ती जगली. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की जो कबूल करतो त्याचा खटला मागे पडतो आणि जो नाकारतो तो फासावर जातो. पन्नासहून अधिक लोकांनी कबुली दिली. त्यांना सैतान दिसला होता, त्यांनी त्याच्या वहीत सही केली होती, सगळं तपशीलवार. इतकी वर्षं मंडळ्यांनी माणसाला शिकवलं होतं की पाप मनात ठेवू नकोस, सांग आणि मोकळा हो. आता न्यायालय तेच सांगत होतं, पण न केलेल्या पापाबद्दल. अँडोव्हरच्या सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबूल केलं, मग ते खोटं होतं म्हणून सांगितलं. २२ सप्टेंबरला त्याला फाशी दिलं. त्याच दिवशी मेरी ईस्टी गेली. तिने त्याआधी एक अर्ज केला होता. स्वतःच्या जिवासाठी तो नव्हताच, आपल्याला मरायचं आहे हे ठाऊक आहे, पण आणखी निरपराध रक्त सांडू नका, आणि कबुली देणाऱ्यांना वेगवेगळं ठेवून नीट तपासा, असं त्यात तिने सांगितलं होतं. कुठे चुकतंय ते त्या बाईने बरोबर ओळखलं होतं.

तिची बहीण रिबेका नर्स, वय ७१, आधीच गेली होती. तिचा खटला मी वर्गात सविस्तर सांगत असे. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवलं. आरडाओरडा झाला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्यूरीला तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करायला सांगितलं. ज्यूरीच्या प्रमुखाने, थॉमस फिस्कने, तिला त्या वाक्याचा अर्थ विचारला. ती गप्प राहिली. तिला ऐकू कमी यायचं, प्रश्न कानापर्यंत पोचलाच नव्हता. ज्यूरी परत आली ती 'दोषी' म्हणत. फाशीच्या आधी सेलमच्या मंडळीने तिला बहिष्कृत केलं. ज्या मंडळीत जन्म काढला तिने काढून टाकलेली ती म्हातारी १९ जुलैला फासावर चढली, आणि तरी तिने खोटी कबुली दिली नाही.

आणि मार्गारेट जेकब्स. सतराएक वर्षांची मुलगी. कबूल कर, वाचशील, नाहीतर अंधारकोठडी आणि फास, असं सांगितल्यावर तिने कबुली दिली आणि त्यात आपल्या आजोबांचं आणि पाळक जॉर्ज बरोज यांचं नाव घेतलं. मग तिला झोप लागेना. तिने सगळं मागे घेतलं. फाशीच्या आदल्या दिवशी ती बरोज यांच्याकडे क्षमा मागायला गेली. त्यांनी तिला क्षमा केली आणि तिच्याबरोबर प्रार्थना केली. १९ ऑगस्टला बरोज आणि तिचे आजोबा दोघेही फासावर गेले, आजोबा काठ्या टेकत चालणारे. न्यायालयाला दिलेल्या निवेदनात ती सांगते की असल्या भयात जगण्यापेक्षा शांत मनाने मरण बरं. सुदैवाने तिचा खटला आजारपणामुळे लांबला आणि पुढे ती सुटली, पण तुरुंगाचा खर्च भरायला पैसे नव्हते म्हणून आतच राहिली. शेवटी एका परक्या माणसाने ते भरले. आर्थर मिलरच्या १९५३ च्या 'द क्रूसिबल'मध्ये जॉन प्रॉक्टर आपलं नाव खोट्या कबुलीखाली द्यायला नकार देतो, आणि तो प्रवेश रंगमंचावर अंगावर येतो. पण त्यासाठी मिलरने साठीच्या प्रॉक्टरचं वय उतरवलं, अकरा वर्षांच्या अ‍ॅबिगेल विल्यम्सचं चढवलं आणि दोघांमध्ये प्रकरण जोडलं. अपराधाची भावना दाखवायला पुन्हा व्यभिचारच का लागावा? मार्गारेट जेकब्स कागदपत्रांत होती. काय केलं, कुणाचं केलं आणि त्याच माणसासमोर जाऊन सांगितलं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या मुलीने अंधारकोठडीच्या सावलीत दिली.

यानंतर स्यूअलचा कागद वाचला की त्याचं वजन कळतं. त्याच सुमारास बारा ज्यूरर्सनीही क्षमापत्रावर सह्या केल्या, आणि त्यांत पहिली सही थॉमस फिस्कची होती. स्टॉटन यांनी मात्र कधी काही म्हटलं नाही. १६९७ च्या उपासाचा जाहीरनामा त्यांच्याच सहीने निघाला, कारण तेव्हा राज्यपालपदाचा कारभार त्यांच्याकडे होता. सगळ्या प्रांताने पश्चात्ताप करावा या हुकमावर सही करणं त्यांना जमलं, स्वतः उभं राहणं जमलं नाही. स्यूअलने १७०० मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका लिहिली, त्या वसाहतींतल्या अशा पहिल्या लिखाणांपैकी ती एक. एकदा उभा राहिलेला माणूस पुन्हा उभा राहायला घाबरत नाही, असं मला त्यावरून वाटतं.

अ‍ॅन पटनमचं मात्र मला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. १६९२ मध्ये बारा वर्षांची, आरोप करणाऱ्या मुलींत पुढे. १६९९ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने आईबाप दोघेही गेले आणि धाकट्या भावंडांचं तिच्यावर पडलं. २५ ऑगस्ट १७०६ ला सेलम व्हिलेजच्या मंडळीत पाळक जोसेफ ग्रीन यांनी तिची कबुली वाचली, ती उभी होती. मंडळीत यायचं तर हे करणं भाग होतं. तिने रिबेका नर्स आणि तिच्या दोन बहिणींचं नाव घेतलं, त्या निरपराध होत्या असं मानायला आधार आहे म्हणाली, क्षमा मागितली. पण ते सैतानाच्या भुलीने झालं, आपल्या मनात राग किंवा वैर नव्हतं, असंही म्हणाली. नाव घेतलं, पण हात सैतानाचा ठेवला. ग्रीन यांनी ही कबुली आधी रिबेकाचा मुलगा सॅम्युएल नर्स याला दाखवली आणि त्याने ती पुरेशी आहे असं सांगितलं. ज्याच्या आईला मारलं त्याला पुरेशी वाटली, तर मी कोण? तरी तो मुलगा त्या ओळी वाचताना काय विचार करत असेल, हे माझ्या मनातून जात नाही. अ‍ॅन १७१६ मध्ये वारली, लग्न न करता.

पुढच्या शतकात मंडळीसमोरची कबुली बरीचशी ठरावीक झाली. लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालं तर नवराबायकोने उभं राहून दोन वाक्यं म्हणायची, मग मुलाचा बाप्तिस्मा. हॉथॉर्न १८०४ मध्ये सेलमला जन्मला तोवर रिवाज विझत आला होता, पण त्याच्या घराण्याचं देणं तसंच होतं. त्याचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हे १६९२ च्या तपासण्यांत सर्वांत कठोर प्रश्न विचारणारे मॅजिस्ट्रेट, आणि त्यांचे वडील विल्यम हे क्वेकर पंथीयांना छळणारे. १८४९ मध्ये राजकीय फेरबदलात हॉथॉर्नची सेलमच्या कस्टम हाउसमधली नोकरी गेली, त्याच उन्हाळ्यात आई गेली, आणि तो लिहायला बसला. मार्च १८५० मध्ये 'द स्कार्लेट लेटर' आलं. त्याच्या प्रस्तावनेत तो पूर्वजांची लाज आपल्यावर घेतो. घेतो खरं, पण फासावर गेलेल्यांपैकी एकीचंही नाव तिथे घेत नाही.

कादंबरीत मात्र त्याने तो प्रश्न खोलवर नेला. रेव्हरंड आर्थर डिम्सडेल, हेस्टरच्या मुलीचा, पर्लचा, बाप, सात वर्षं गप्प आहे. गप्पही नाही, हेच तर हॉथॉर्नने ओळखलं. तो व्यासपीठावरून पुन्हा पुन्हा सांगतो की मी पापी आहे, तुमच्यातला सर्वांत अधम मी आहे. लोक काय म्हणतात? एवढा पवित्र माणूस स्वतःला असं समजतो, तर आपलं काय! त्यांची श्रद्धा वाढते. आणि डिम्सडेलला ती वाढणार हे ठाऊक असतं. शेपर्डच्या वहीतल्या कॅथरिनने प्रामाणिकपणे जे म्हटलं, तेच वाक्य इथे लपायची जागा झालं. तो रात्री, कुणी नसताना, शिक्षेच्या चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो, तेही तसंच. मंडळी नाही, तर उभं राहण्याला काय अर्थ? पर्ल त्याला नेमकं तेच विचारते, उद्या दुपारी माझ्या आईचा आणि माझा हात धरून इथे उभा राहशील का. लहान पोर, पण माझ्या आजोबांचा प्रश्न तिच्याच तोंडी आहे. जेम्स ब्रिटनला आजाराने बोलतं केलं, डिम्सडेलला आजार पोखरतो पण बोलतं करत नाही, आणि तो हात छातीवर दाबून धरतो. शेवटी तो भर दुपारी चौथऱ्यावर चढतो, आणि तिथेच मरतो. तरीही काही साक्षीदार म्हणतात की त्याने असं काही कबूल केलंच नाही, ते एक दृष्टान्तरूप बोलणं होतं. इतकी वर्षं तो मोघम बोलत आला, आता नेमकं बोलला तर लोकांना ऐकू आलं नाही.

हेस्टरला निवड नव्हती. तिची कबुली तिच्या कडेवर होती. तिने फक्त एक नाव सांगितलं नाही, आणि ते तिचं नव्हतं. उलट रॉजर चिलिंगवर्थ, तिचा नवरा, तिचं गुपित खोदत बसतो आणि त्या खोदण्यातच संपतो. १८३५ च्या 'यंग गुडमन ब्राउन' या कथेत हॉथॉर्नने हेच आणखी काळं केलं. एका रात्री जंगलात ब्राउनला दिसतं, किंवा दिसलंसं वाटतं, की गावातली सगळी सज्जन माणसं सैतानाच्या सभेत आली आहेत, बायको फेथसुद्धा. कुणी काय केलं हे त्याला कधीच कळत नाही. सगळेच पापी, एवढंच कळतं. तेवढ्या ज्ञानावर तो पुढचं सगळं आयुष्य बायकोकडे, पाळकांकडे, शेजाऱ्यांकडे संशयाने बघत काढतो. मला ही त्याची सर्वांत भेदक कथा वाटते, कारण १६९२ च्या सेलमला झालेलं दुखणं हेच होतं.

कागदोपत्री सेलमचं प्रकरण फार रेंगाळलं. १७११ मध्ये प्रांताने बऱ्याच जणांवरचे ठपके काढले आणि वारसांना मिळून ५७८ पौंड १२ शिलिंग दिले. १७१२ मध्ये सेलमच्या मंडळीने रिबेका नर्सचा बहिष्कार मागे घेतला. पण यादीत सगळी नावं नव्हती. अँडोव्हरच्या एलिझाबेथ जॉन्सन या बावीस वर्षांच्या मुलीने भीतीपोटी चेटकाची कबुली दिली होती, १६९३ च्या जानेवारीत तिला मृत्युदंड झाला, राज्यपाल फिप्सनी तो थांबवला म्हणून ती वाचली. आपलं नाव यादीतून राहिलं असा अर्ज तिने स्वतः १७१२ मध्ये केला, तो तसाच पडून राहिला. तिने लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मागे लागणारं कुणी उरलं नाही. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी ते प्रकरण हाती घेतलं, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ च्या जुलैत मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात तिचं नाव घातलं गेलं. सेलमच्या दोषींपैकी नाव उरलेली ती शेवटची होती.